अगोरा आणि बार्शीटाकळीचा बाजार

पहिल्यांदा ते झालं तेव्हा मी अमरावतीत राजकमल चौकात रस्ता ओलांडत होते. हातात दोन पिशव्या होत्या, एकीत पडद्यांचं कापड आणि दुसरीत फुलकोबी. ऊन फारसं नव्हतं, घरून पोटभर जेवून निघाले होते. चौकाच्या मध्यावर आले आणि एकदम छातीत धडधडायला लागलं. हात गार पडले, कानात घुमायला लागलं, पायाखालचं डांबर हलल्यासारखं वाटलं. आपण आता इथंच मरतो, एवढा एकच विचार डोक्यात होता. समोर एक ऑटो थांबला होता. त्यात कशीबशी बसले आणि त्याला जवळच्या दवाखान्यात न्यायला सांगितलं.

तिथं ईसीजी काढला, तो चांगला निघाला. रक्त तपासलं, तेही चांगलं. "अ‍ॅसिडिटी असेल मॅडम, टेन्शन घेऊ नका," असं तिथले डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर लक्षात आलं की फुलकोबीची पिशवी ऑटोतच राहिली.

मी तेव्हा पन्नाशीच्या जवळ आले होते. कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवत होते, अजूनही शिकवते. नवरा नांदगाव पेठच्या एमआयडीसीत एका कापड कारखान्यात आहे. मुलगी लग्न होऊन दूर गेलेली. घरात कसलंही दुःख नव्हतं, आणि त्यामुळेच कुणाला काय सांगावं ते कळत नव्हतं.

पुन्हा तसं होईल या भीतीनं मी राजकमल चौक टाळायला लागले. मग इतवारा बाजार टाळला, कारण तिथं गर्दी असते. मग बसस्टँड. मग, ज्याचं मलाच नवल वाटायचं, आमच्या कॉलेजचं मैदान. फाटकातून इमारतीकडे जाताना सगळे जण मैदानातून तिरपे जातात. मी कुंपणाच्या भिंतीला धरून, लांबून वळसा घालून जायला लागले. मुलींना वाटायचं, मॅडम सावलीतून जातात. मैदान रिकामं असलं तर जास्तच वाईट वाटायचं. गर्दीत निदान कुणी उचलून तरी नेईल, रिकाम्या मैदानात मधोमध पडलो तर काय, असं काहीतरी मन म्हणायचं. वर्गात मात्र मी ठीक असायचे. चार भिंती आणि मागं फळा असला की आवाज खणखणीत.

सगळ्यात अवघड गोष्ट वेगळीच होती. मी बाजारातच वाढलेली. आमचं माहेर बार्शीटाकळीचं, गावाला लागून थोडं रान, त्यात भाजीपाला. आठवडी बाजाराच्या दिवशी माय पोत्यावर भाजी मांडून बसायची आणि मी तिच्या मागं. मेथीच्या जुड्यांवर पाणी मारायचं, वांग्यांतली किडकी बाजूला काढायची, झोप आली की टोपलीला डोकं टेकून झोपायचं. कितीही गोंगाट असला तरी मला गाढ झोप लागायची. अशा बाईला बाजाराची भीती वाटते हे कोण खरं मानणार?

माय आता सत्तरीच्या पुढं आहे. रान भाऊ आणि वहिनी पाहतात. पण बाजाराच्या दिवशी पोत्यावर बसायचं तिनं सोडलेलं नाही. "घरी बसून काय करू? बाजारात चार मानसं तरी दिसतात," असं म्हणते. आमचं घर बाजाराच्या मैदानापलीकडे, अरुंद गल्लीत आहे. गाडी मैदानाच्या अलीकडेच उभी करावी लागते आणि तिथून पायी जावं लागतं. बाजार असला तर गर्दीतून, नसला तर रिकाम्या मैदानातून. म्हणजे माझ्यासाठी दोन्ही वाटा बंद. मी माहेरी जायचंच सोडलं. मायचा फोन आला की कधी पेपर तपासायचे असायचे, कधी कॉलेजात समिती यायची असायची, कधी नवऱ्याला सुटी नसायची. वर्ष उलटून गेलं.

नवऱ्यानं सगळं पाहिलं होतं. भाजी तोच आणायला लागला होता, मला कॉलेजच्या फाटकापर्यंत तोच सोडायचा. एक दिवस जेवताना म्हणाला, "अकोल्यात एक डॉक्टर आहेत. मनाच्या. माझ्या एका सोबत्याच्या बहिणीला गुण आला. जाऊन पाहू."

"मी वेडी झाले काय?"

"असं कोण म्हणते? अमरावतीत नको वाटत असन तर म्हणून अकोला म्हटलं."

त्यानं बरोबर ओळखलं होतं. अमरावतीत कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर मला माझी विद्यार्थिनी किंवा तिची आई भेटलीच असती.

अकोल्याच्या डॉक्टर माझ्यापेक्षा लहान होत्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "असं झालं की तुम्ही काय करता?"

"तिथून निघून जाते."

"निघून गेल्यावर बरं वाटतं?"

"लगेच."

"गडबड तिथंच आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही पळालात की मन समजतं, जागा खरंच धोक्याची होती, बरं झालं पळालो. पुढच्या वेळी ते आणखी लवकर ओरडतं." मग त्यांनी त्याचं नाव सांगितलं. अगोराफोबिया.

पंचवीसेक वर्षं भाषा शिकवलेली बाई मी, तोंडातून आपसूक निघालं, "फोबिया कळलं. अगोरा म्हणजे काय?"

त्या हसल्या. "ग्रीक आहे. चौक, बाजार, असं काहीतरी. आम्हाला इतकंच शिकवलं. तुम्ही भाषेच्या ना? तुम्हीच शोधा आणि मला सांगा."

परतीच्या वाटेवर मूर्तिजापूरला चहासाठी गाडी थांबवली. मी गाडीतच बसून चहा घेतला. पण मोकळं वाटत होतं. माझं हृदय बंद पडत नव्हतं, मला वेड लागत नव्हतं. जे होत होतं त्याला एक नाव होतं, म्हणजेच माझ्या आधी ते पुष्कळांना झालं होतं. इतक्या लोकांमध्ये मी एक होते. नवऱ्याला तसं सांगितलं तर तो म्हणाला, "मग दुसरा चहा घे." मी हसले. कितीतरी दिवसांनी हसले असेन.

त्यानंतरचे कित्येक दिवस मी त्या शब्दाच्या मागं होते. घराबाहेर फारसं पडायचं नव्हतंच. कॉलेजच्या ग्रंथालयातला जाडा शब्दकोश घरी आणला, बाकीचं मोबाइलवर वाचलं.

मी धरून चालले होते की अगोरा म्हणजे आधी एक मोकळी जागा, नंतर तिथं लोक यायला लागले असतील. तसं नव्हतं. ग्रीक भाषेत एक जुनं क्रियापद आहे, त्याचा अर्थ गोळा करणं, जमवणं. त्यातून अगोरा आलं. म्हणून सगळ्यात जुना अर्थ जागेचा नाहीच, तो माणसं जमण्याचा आहे. लोक जमले की अगोरा. मग जिथं ते नेहमी जमायचे त्या जागेला ते नाव पडलं. जमले की बोलणार, म्हणून त्याच शब्दापासून सभेत बोलण्याचं क्रियापद निघालं. बोलणं झालं की घेणं-देणं होणार, म्हणून बाजार हा अर्थ आला आणि विकत घेण्याचंही क्रियापद त्यातूनच निघालं. तेच क्रियापद नुसतं बाजारात रेंगाळण्यालाही वापरायचे. आजच्या ग्रीसमध्ये तर अगोरा म्हटलं की बाजारच.

हे वाचताना मला आपलं 'भरणं' आठवलं. आपल्याकडे बाजार भरतो, सभा भरते, शाळा भरते. जागा रिकामी पडून असते, माणसं आली की तिचं काहीतरी होतं. आणि गंमत अशी की ग्रीक लोक दुपारच्या आधीची वेळ सांगताना, घड्याळ नसल्यानं, 'बाजार भरल्याच्या वेळी' असं म्हणत. आमची माय अजूनही असंच म्हणते. "कवा आला तो?" "बाजार भरला तवा."

त्या शब्दाची पोरंबाळंही पुष्कळ निघाली. रूपककथेला इंग्रजीत अ‍ॅलेगरी म्हणतात, तीही तिथलीच. चारचौघांत सरळ न बोलता दुसरंच काही बोलणं, असा तिचा मूळ अर्थ. मी दरवर्षी बारावीला रूपक शिकवते आणि मला हे ठाऊक नव्हतं. कॅटेगरी हा शब्दही तिथलाच. भर सभेत एखाद्यावर आरोप करणं म्हणजे कॅटेगरी. पुढं तत्त्वज्ञांनी तो उचलला आणि त्याचा वर्ग, प्रकार असा अर्थ झाला. आपल्याकडे प्रवेशाच्या खिडकीवर बसलेला माणूस "कॅटेगरी कोणती?" असं विचारतो, तेव्हा पोरं का दचकतात ते मला कळल्यासारखं वाटलं.

एके ठिकाणी वाचलं की अथेन्सच्या अगोरात गरीब घरच्या बायका भाजी, फुलं, फिती विकत. तिथल्या एका थोर नाटककाराची थट्टा करताना लोक त्याच्या आईला भाजीवाली म्हणून हिणवायचे. ती खरंच भाजी विकायची की नाही कुणास ठाऊक. पण ते वाचून मी मोबाइल खाली ठेवला आणि बराच वेळ काही वाचलं नाही.

आजाराचं नाव मात्र तितकं जुनं नाही. ते एकोणिसाव्या शतकात एका जर्मन डॉक्टरांनी दिलं. त्यांच्याकडे आलेल्या काही धडधाकट पुरुषांना शहरातला मोकळा चौक ओलांडता येत नसे. सोबत कुणी असलं की भीती कमी व्हायची. कुंपणाची भिंत धरून चालणारी मी, मला त्या अनोळखी माणसांबद्दल माया वाटली.

पुढच्या भेटीत मी हे सगळं डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं, 'भरणं' तर त्यांना फार आवडलं. मग म्हणाल्या, "आता अभ्यास झाला. प्रात्यक्षिक करू या."

प्रात्यक्षिक सोपं होतं आणि भयंकर होतं. औषध चालू होतंच. त्याच्या जोडीला रोज कॉलेजच्या मैदानाच्या कडेला उभं राहायचं. भीती आली तर येऊ द्यायची, पळायचं नाही. ती चढेल तितकी चढू द्यायची आणि उतरेपर्यंत थांबायचं. नवरा आधी शेजारी, मग थोडा दूर, मग गाडीत.

पहिल्या दिवशी मी फाटकाशी उभी राहिले. धडधड चढत गेली, हात गार पडले, घशाला कोरड. पळावंसं वाटलं. डोळे उघडे ठेवून समोरच्या कडुलिंबाकडे पाहत राहिले. आणि मग ती उतरायला लागली. खरंच उतरली. मी काहीही केलं नव्हतं, नुसती उभी होते, आणि ती आपोआप उतरली. मला रडू आलं. नवरा घाबरून जवळ आला तर मी म्हटलं, "काही नाही, उतरली." पुढं हळूहळू मी मैदानात शिरले. कधी दोन पावलं, कधी अर्ध्यापर्यंत. एका सकाळी पोरींच्या मागोमाग तिरपी चालत सरळ इमारतीपर्यंत गेले. कुणाला काही कळलं नाही.

तेवढ्यात मायचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता.

"तू अकोल्याले आलती म्हनते. गावातल्या मानसानं पायलं. तू अन् जावाई गाडीत बसून राहिले होते म्हने."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अकोल्यापर्यंत येते अन् घरी येत नाही. अथून अकोला हाये किती दूर?" मग ती थांबली. पुढचं बोलताना आवाज खाली गेला. "माह्यं बाजारात बसनं तुले बरं नाही वाटत काय वो? तू मॅडम हाये. लोक म्हनत असतीन, मॅडमची माय भाजी इकते. तसं असंन तं सांगून दे. बसनं बंद करून टाकू."

वर्षभर ती हे मनात घेऊन बसली होती. मला फोनवर काही सांगता येईना. सांगितलं असतं तर तिला ते आणखी एक निमित्त वाटलं असतं. मी एवढंच म्हणाले, "माय, मी येते. बाजाराच्याच दिवशी येते."

"पाय बा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, "जा. फक्त भीती टिपेला असताना परत फिरू नका. उतरली की मग काय ते ठरवा."

बाजाराच्या दिवशी आम्ही सकाळीच निघालो. बार्शीटाकळीला पोचलो तेव्हा बाजार पुरता भरलेला होता. मैदानाच्या अलीकडे गाडी लावली. नवऱ्यानं विचारलं, "सोबत चालू?"

"मागून या. मी वळून पाहिलं तरी जवळ येऊ नका."

कडेची चपलांची दुकानं सहज गेली. मिरच्यांच्या रांगेत शिरले आणि भीती आली. ठसका, गर्दी, "घ्या वो बाई, घ्या" असे दोन्हीकडून ओरडे, मागून कुणाचा तरी धक्का. छातीत धडधड सुरू झाली. मी तिथंच थांबले. मिरचीवाली बाई म्हणाली, "कोनती देऊ बाई? लवंगी का साधी?" मला बोलता येईना. मागं वळून पाहिलं. नवरा माणसांमध्ये उभा होता, त्याचा चेहरा पडला होता, पण तो जवळ आला नाही. ते किती कठीण गेलं हे त्यानं मला नंतर सांगितलं. मी मिरच्यांच्या ढिगाकडे पाहत राहिले. चढत चढत गेली, आणि कॉलेजच्या मैदानात उतरायची तशीच उतरायला लागली. "साधी द्या," मी म्हटलं. नको असताना मिरच्या घेतल्या. पुढं कांद्याच्या ढिगांपाशी ती पुन्हा आली, या वेळी थोडी कमी. मग भाज्यांची रांग आली आणि माय दिसली.

ती एका गिऱ्हाइकाला वांगी मोजून देत होती. तिनं मला पाहिलं, पण हात थांबवला नाही. गिऱ्हाईक गेल्यावर पोत्यावर थोडी सरकली आणि म्हणाली, "बस."

मी तिच्या शेजारी बसले. तिकडून बाजार वेगळा दिसतो हे मी विसरून गेले होते. माणसांचे पाय दिसतात, मग पिशव्या, मग वाकलेले चेहरे. पाठीशी भाजीच्या टोपल्यांची उतरंड होती. श्वास जागेवर आला.

"माय, मला लाज नाही वाटत," मी म्हटलं. आणि मग तिच्याच बोलीत आलं, "मले भेव वाटते."

"कायचं भेव?"

"बाजाराचं."

ती माझ्याकडे पाहत राहिली. "बाजाराचं? तू तं अथीच लहानाची मोठी झाली."

मध्ये पालकाचं गिऱ्हाईक आलं, मग एक बाई कोथिंबिरीसाठी घासाघीस करून गेली. त्या तुकड्या-तुकड्यांत मी तिला सगळं सांगितलं. राजकमल चौक, भिंत धरून चालणं, अकोल्याच्या डॉक्टर, ते मैदान. सांगून झाल्यावर तिनं मोठा श्वास सोडला, इतका मोठा की शेजारची भाजीवाली वळून पाहायला लागली.

"मंग हे पयले काहून नाही सांगतलं? मी काय-काय मनात घेऊन बसली होती."

"सांगायचं कसं, तेच समजत नव्हतं."

"भेवच हाये ना? दुसरं काही नाही ना?"

"दुसरं काही नाही."

"हाव. मंग जाईन ते." तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मेथीची जुडी माझ्या पुढ्यात टाकली. "बांध बरं. तोंड चालते तं हात बी चालू दे."

नवरा दुरून पाहत होता. तिनं त्याला हाक मारून बोलावलं, बसायला रिकामी टोपली उपडी घालून दिली आणि समोरच्या गाड्यावरून भजी मागवली. जावयाला असं टोपलीवर बसवलेलं पाहून आजूबाजूच्या बाया हसत होत्या. भजी खाताना तिनं विचारलं, "त्या दुखण्याचं नाव काय म्हनली?"

मी नाव सांगितलं. अगोरा म्हणजे बाजार, हजारो वर्षांपूर्वी ग्रीस देशात भरायचा, असंही सांगितलं.

"त्याईच्यात बी बाया भाजी इकत होत्या काय?"

"होत्या. तिथल्या एका मोठ्या नाटक लिहिणाऱ्याला त्यावरून चिडवायचे, तुझी आई भाजी विकते म्हणून."

मायनं भजं चावता चावता विचार केला. "चिडवू दे. पोरगं तं शिकलं ना," असं म्हणून ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

संध्याकाळी बाजार उठला. भाऊ टोपल्या न्यायला आला. आम्ही घराकडे निघालो तेव्हा मैदान मोकळं होत चाललं होतं, पानकोबीची पानं इकडेतिकडे पडलेली, गाई चरत होत्या. मायला आता अंधुक दिसतं, म्हणून मी तिचा दंड धरला. अर्ध्यावर गेल्यावर ती म्हणाली, "वाटून राहिलं काय भेव?"

"थोडं."

"मंग हळू चाल. घाई कोनाले हाये?"

घरी वहिनीनं भाकरी टाकली होती. मी दोन दिवस राहिले, आणि त्या दोन दिवसांत मैदान आणखी कितीदा ओलांडलं ते आठवत नाही. डॉक्टरांनी पुढं औषध कमी करत आणलं. भीती अजून कधीतरी येते. आली की मी थांबते, ती उतरते, मी पुढं जाते. मायचा फोन आता हक्कानं येतो. "येजो बाजाराच्या दिवशी, वांगे मस्त निंगाले हायेत."

मागच्या महिन्यात आम्ही चांदूर बाजारला एका लग्नाला गेलो होतो. जेवणाच्या पंगतीला वेळ होता, म्हणून मी मंडपातून सहज बाहेर पडले. थोड्या वेळानं नवऱ्याचा फोन आला.

"कुठं आहेस? पंगत बसून राहिली."

"बाजारात आहे," मी म्हटलं. "तुम्ही बसा. मी थोडी रेंगाळून येते."

पलीकडून नुसता हसल्याचा आवाज आला.